बंद ठेवलेली वाट

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि शिकवण्याबरोबर तिथलं नेटवर्कही माझ्याच गळ्यात होतं. सोमवारी सकाळी साडेदहाला पहिला फोन आला, "सर, नेट बंद आहे." पाच मिनिटांत ग्रंथालयातून, मग फीच्या खिडकीवरून, मग प्राचार्यांच्या केबिनमधून. इंटरनेट बंद पडणं नवं नव्हतं, पण त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरपर्यंतही काही पोचत नव्हतं. सर्व्हर रूममध्ये गेलो. रॅकमधल्या स्विचचे दिवे एरवी कधी इथला, कधी तिथला असे लुकलुकत असतात. त्या सकाळी सगळे एकाच तालात, जवळजवळ न विझता पेटलेले होते. वीज बंद करून चालू केली. थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा तेच. मग रॅकमधून बाहेर जाणारी एकेक केबल उपसत गेलो. सहावी उपसली आणि दिवे निवले.

ती केबल दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेची होती. तिथं बाकाखाली आठ पोर्टचा एक साधा स्विच होता. त्याच्या तिसऱ्या पोर्टातून निघालेली निळी पॅच कॉर्ड वळसा घेऊन त्याच स्विचच्या सातव्या पोर्टात शिरली होती. शनिवारी खोली आवरताना कुणीतरी लोंबकळणारं टोक पाहिलं असणार आणि समोर दिसलेल्या रिकाम्या जागेत ते खोचलं असणार. त्यात कुणाची हयगय नव्हती, उलट नीटनेटकेपणा होता. एक मीटर केबलनं चार इमारती दुपारी दीडपर्यंत बंद ठेवल्या.

हे पुस्तक त्या एक मीटर केबलबद्दल आहे. स्विच जोडून बनलेल्या नेटवर्कमध्ये लूप म्हणजे बंद वर्तुळ का घातक ठरतं, ते टाळण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत माणसांनी काय काय योजलं, आणि त्यातल्या प्रत्येक उपायाला कोणती किंमत मोजावी लागली, याचा मराठीत सलग घेतलेला असा मागोवा माझ्या तरी पाहण्यात यापूर्वी आलेला नाही.

मुळाशी एक छोटी उणीव आहे. गावात दवंडी पिटली जाते तेव्हा कोतवाल गावभर फिरतो आणि घरी जातो. समजा असा नियम केला, की ज्यानं दवंडी ऐकली त्यानं ती आपल्या बाकीच्या सगळ्या शेजाऱ्यांना ओरडून सांगायची, मग ती आधी ऐकलेली असो वा नसो. वस्ती एका ओळीत असेल तर बातमी शेवटच्या घरापर्यंत जाऊन थांबेल. पण घरं गोलाकार असतील तर ती फिरून पहिल्या घरी येईल, आणि त्या घराला ती नवीच वाटेल. स्विच नेमका हाच नियम पाळतो. आलेली फ्रेम, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, कोणत्या पोर्टातून आली ते पाहून तो पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या तक्त्यात नोंदवतो. ज्याच्यासाठी ती आहे तो तक्त्यात सापडला तर त्या पोर्टातून पाठवतो, नाही सापडला किंवा फ्रेम सर्वांसाठीच असली तर उरलेल्या सगळ्या पोर्टांतून. ही फ्रेम मघाशीच येऊन गेली, हे ओळखायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं.

इंटरनेटच्या पॅकेटला वय असतं. त्याच्या माथ्यावर आठ बिटांचा एक आकडा असतो, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. वाट कितीही चुकली तरी ते कधीतरी मरतं. इथरनेटच्या फ्रेमला असं वय नाही. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा ती होती एका लांबलचक केबलला जोडलेल्या यंत्रांसाठी. एकाच केबलवर फ्रेम भरकटून जाणार कुठे? वयाची गरजच नव्हती. पुढं त्या केबली एकमेकींना जोडल्या गेल्या, पण फ्रेमची रचना तीच राहिली.

म्हणून लूपमध्ये शिरलेली फ्रेम फिरतच राहते. एक गिगाबिटच्या जोडणीवरून सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ इतक्या जाऊ शकतात, आणि लूप ही सगळी जागा काही क्षणांत व्यापतो. साध्या एका वर्तुळात प्रती आपोआप वाढत नाहीत, एकच फ्रेम दोन्ही दिशांनी फिरत राहते. पण एखादा संगणक 'हा पत्ता कोणाचा?' असं सर्वांना विचारतो तेव्हा त्या गर्दीत आणखी एका कायमच्या प्रवाशाची भर पडते, आणि असे प्रश्न नेटवर्कमध्ये अखंड चालू असतात. एकात एक गुंतलेली दोन वर्तुळं असतील तर मात्र दर फेरीला गुणाकार होतो. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. त्यातलं दुसरं नुकसान कमी लोकांच्या ध्यानात येतं. तीच फ्रेम वेगवेगळ्या पोर्टांतून परत येत राहिल्यानं स्विचच्या तक्त्यातले पत्ते क्षणाक्षणाला बदलतात. शेजारचा प्रिंटर पलीकडच्या इमारतीत आहे अशी स्विचची समजूत होते, आणि वादळाच्या वाटेला न गेलेलं कामही अडतं.

मग वर्तुळ करायचंच नाही, इतकं सोपं उत्तर का पुरत नाही? कारण वर्तुळ हे बहुतेक वेळा शहाणपणातून जन्मतं. दोन इमारतींमध्ये एकच केबल असली आणि खोदकामात ती तुटली तर एक इमारत अंधारात जाते. म्हणून विचारी माणूस दुसरी केबल टाकतो, दुसऱ्या वाटेनं. ती टाकताच लूप तयार होतो. राखीव वाट हवी, ती तयार हवी, आणि गरज पडेपर्यंत तिच्यावरून एकही फ्रेम जाता कामा नये. या विषयात जे काही घडलं ते या तीन अटी एकत्र कशा पाळायच्या या प्रश्नातून घडलं.

त्याचं पहिलं ठसठशीत उत्तर रेडिया पर्लमन यांनी दिलं. १९८० च्या दशकाच्या मध्याला त्या अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. दोन इथरनेट जोडणारं ब्रिज नावाचं यंत्र, आजच्या स्विचचं आधीचं रूप, तिथं आकाराला येत होतं. पर्लमन स्वतः राउटिंगच्या अभ्यासक. जोडणीचं काम वरच्या थरात, राउटरनं करावं असं त्यांचं मत होतं. पण बाजारातली बरीच यंत्रं राउटिंगची भाषाच बोलत नव्हती, त्यामुळे त्यांच्या नकळत त्यांना जोडणारं काहीतरी हवं होतं. पर्लमन यांच्या वरिष्ठांनी एका शुक्रवारी हा प्रश्न त्यांच्यापुढं ठेवला आणि ते रजेवर गेले. पर्लमन यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की उत्तर त्यांना त्याच रात्री सुचलं, पुढच्या सोमवार-मंगळवारात त्याचा तपशील लिहून झाला, आणि वरिष्ठ परतेपर्यंत हाताशी वेळ उरला म्हणून त्यांनी त्यावर एक कविता केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ती छापलेली आहे.

उत्तर असं आहे. केबली कशाही जोडलेल्या असोत, त्यातल्या काही मिटवून उरलेल्यांचं झाड करायचं. झाडाला वर्तुळ नसतं, आणि झाडाच्या कोणत्याही दोन पानांमध्ये एकच वाट असते. (वडाची पारंबी जमिनीत रुजते तेव्हा वर्तुळ तयार होतं, गणितातलं झाड पारंब्या चालू देत नाही.) सगळ्या स्विचांना कवेत घेणारं म्हणून हे स्पॅनिंग ट्री. गणिताला ही कल्पना जुनी आहे. ओटाकर बोरूफ्का यांनी १९२६ साली मोराविया प्रांतात वीज पोचवायला कमीत कमी तार कशी लागेल या प्रश्नातून असंच झाड शोधण्याची रीत लिहिली होती. पण बोरूफ्का यांच्यासमोर सगळा नकाशा होता. इथं तो कुणाजवळच नाही. दहा स्विच प्रत्येकाला प्रत्येक असे जोडले तर ४५ केबली लागतात आणि त्यातून १० कोटी वेगवेगळी झाडं निघू शकतात. दहाही स्विचांनी त्यातलं एकच झाड निवडायचं, आणि तेही फक्त शेजाऱ्याशी बोलून.

पर्लमन यांची रीत मला आजही वर्गात सांगताना आनंद देते. चालू होताच प्रत्येक स्विच समजतो की झाडाचं मूळ आपणच. तो दर दोन सेकंदांनी शेजाऱ्यांना एक छोटी चिठ्ठी पाठवतो: माझ्या मते मूळ अमुक, तिथपर्यंत माझं अंतर इतकं, आणि मी तमुक. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, ज्याचा क्रमांक सर्वांत लहान तो मूळ. शेजाऱ्याच्या चिठ्ठीत आपल्यापेक्षा लहान क्रमांक दिसला की स्विच आपला दावा सोडतो आणि तोच क्रमांक पुढं सांगू लागतो. काही फेऱ्यांत सगळे एकाच नावावर येतात. मग प्रत्येक जण मुळाकडं जाणारं आपलं सर्वांत जवळचं एक पोर्ट निवडतो. प्रत्येक केबलवर मुळाच्या जवळचा जो स्विच असेल तो त्या केबलची जबाबदारी घेतो. यातल्या कुठल्याच कामाला न लागलेली पोर्टं मिटतात. मिटतात म्हणजे त्यांचं तोंड बंद होतं, कान उघडे राहतात. चिठ्ठ्या ती ऐकतच असतात. नेटवर्क कितीही वाढलं तरी यासाठी लागणारी स्मृती दर पोर्टमागं तेवढीच राहते.

१९९० मध्ये मानकं ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेनं ८०२.१डी या नावानं ही रीत मानक म्हणून स्वीकारली. त्याआधी इथरनेटचं प्रतिस्पर्धी तंत्र असलेल्या टोकन रिंगच्या, म्हणजे आयबीएमच्या, गोटातून एक वेगळाच विचार आला होता. वाट शोधण्याचं काम ब्रिजकडून काढून पाठवणाऱ्या संगणकाकडं द्यायचं. त्यानं आधी शोधक फ्रेम सोडायच्या, त्या सगळ्या वाटांनी फिरून येतील, मग हवी ती वाट फ्रेमवरच लिहून पाठवायची. यात राखीव वाटा फुकट जात नाहीत, पण प्रत्येक संगणकाला शहाणं करावं लागतं आणि शोधक फ्रेमच गर्दी करतात. या दोन मतांचा वाद मानक समित्यांमध्ये बराच काळ चालला आणि टोकन रिंगबरोबर तो मागं पडला. या पुस्तकात त्याला चारच पानं मिळाली आहेत. मला अधिक आवडली असती. हरलेल्या बाजूचं म्हणणं वाचल्याशिवाय जिंकलेल्या बाजूची किंमत कळत नाही, आणि 'वाट पाठवणाऱ्यानं ठरवावी' हा विचार मोठ्या नेटवर्कमध्ये आज वेगळ्या रूपात परतलाही आहे.

झाडाच्या रीतीत दोष होते, आणि ते वापरातून उघडे पडत गेले. पहिला संथपणाचा. केबल तुटल्यावर जुनी माहिती शिळी ठरायला २० सेकंद, मग १५ सेकंद नुसतं ऐकायचं, १५ सेकंद पत्ते शिकायचे, तेव्हा कुठं राखीव वाट उघडते. म्हणजे ३० ते ५० सेकंद. १९९० मध्ये हे चालून गेलं, फोनवरचं संभाषण नेटवर्कवरून जाऊ लागल्यावर चालेना. गंमत अशी की त्रास केबल तुटल्यावरच होई असं नाही. सकाळी साधा संगणक चालू केला तरी त्याचं पोर्ट तीस सेकंद मिटलेलं असे, तोवर पत्ता मागून मागून तो थके आणि स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक निरुपयोगी पत्ता घेऊन बसे. नेटवर्कवर काम केलेल्या प्रत्येकानं तो आकडा पडद्यावर पाहिलेला आहे. दुसरा दोष मुळाच्या निवडीचा. स्विचच्या क्रमांकातला पहिला भाग म्हणजे प्राधान्य, आणि ते कारखान्यातून सर्वांचं सारखंच, ३२७६८ येतं. मग निवड ठरते यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या पत्त्याच्या लहानमोठेपणावर, आणि लहान पत्ता बहुधा आधी बनलेल्या यंत्राचा असतो. म्हणजे कुणी लक्ष घातलं नाही तर संपूर्ण संस्थेची वाहतूक जिन्याखालच्या सर्वांत जुन्या स्विचकडं धाव घेते.

तिसरा दोष खोल आहे, आणि माझ्या मते विषयाचा गाभा तोच. मिटलेलं पोर्ट मिटलेलं का राहतं? कारण त्याला पलीकडून चिठ्ठ्या ऐकू येतात. त्या थांबल्या की ते समजतं, पलीकडची वाट तुटली, आता मी उघडलं पाहिजे. शांततेचा अर्थ परवानगी असा घेतला जातो. पण शांततेची कारणं अनेक असतात. फायबरच्या दोन तारांपैकी एकच निकामी झाली तर जाणारं जातं, येणारं येत नाही. पलीकडच्या स्विचचा प्रोसेसर कामाखाली दबला तर चिठ्ठी लिहायला त्याला वेळ मिळत नाही. जोडणी तुंबली तर चिठ्ठी वाटेत पडते. तिन्ही वेळा वाट पूर्ण तुटलेली नसते आणि पोर्ट मात्र उघडतं. लूप तयार होतो, लूपमुळे गर्दी वाढते, गर्दीमुळे आणखी चिठ्ठ्या हरवतात, आणखी पोर्टं उघडतात. रक्षण करणारी यंत्रणा नेमकी संकटाच्या वेळी उलटते.

बॉस्टनमधल्या बेथ इझ्रायल डिकनेस मेडिकल सेंटरमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये हे घडलं. १९९६ मध्ये दोन रुग्णालयं एकत्र येऊन ही संस्था झाली होती, आणि तिचं नेटवर्क स्विचला स्विच जोडत वाढत गेलेलं. कोणत्याही दोन स्विचांमध्ये सातपेक्षा जास्त टप्पे असू नयेत हा जुना दंडक त्यात काही ठिकाणी ओलांडला गेला होता. एका संशोधकाच्या कामातून प्रचंड माहिती नेटवर्कवर आली, जोडण्या तुंबल्या, चिठ्ठ्या हरवल्या आणि झाड कोसळलं. पुढचे चार दिवस प्रयोगशाळेचे अहवाल माणसांनी हातानं नेले, औषधांच्या चिठ्ठ्या पुन्हा कागदावर लिहिल्या गेल्या. संगणकाशिवाय काम न केलेल्या तरुण डॉक्टरांना ज्येष्ठांनी कागदावर काम कसं करायचं ते दाखवलं. रुग्णालयाचे माहिती विभागाचे प्रमुख जॉन हॅलमका यांनी काही न लपवता सगळं जाहीरपणे सांगितलं. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननं त्यावर लेख छापला, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण पुढं शिकवलं गेलं. एखाद्या संस्थेनं आपला अपघात असा उघड केला की जगभरच्या अभियंत्यांचं शिक्षण होतं. आपल्याकडच्या संस्थांनी हे शिकावं असं मला फार मनापासून वाटतं. आपल्याकडं असे अपघात 'तांत्रिक बिघाड' या दोन शब्दांत पुरले जातात.

दोष कळले तशा दुरुस्त्या आल्या. २००१ मध्ये वेगवान झाडाची रीत, रॅपिड स्पॅनिंग ट्री, आली. तिचं मर्म घड्याळाऐवजी संवादावर भर देण्यात आहे. तीस सेकंद वाट पाहण्याऐवजी स्विच शेजाऱ्याला विचारतो, 'उघडू का?', शेजारी आपली खालची पोर्टं मिटवून होकार देतो, आणि वाट सेकंदाच्या आत चालू होते. राखीव पोर्ट कोणतं हेही आधीच ठरलेलं असतं. २००२ मध्ये वेगवेगळ्या व्हीलॅनसाठी, म्हणजे त्याच स्विचांवर आखलेल्या आभासी नेटवर्कांसाठी, वेगवेगळी झाडं वापरण्याचं मानक आलं, म्हणजे एका झाडात मिटलेली केबल दुसऱ्या झाडात कामाला लागते. सोबत राखणदारांची एक फौज उभी राहिली. बीपीडीयू हे त्या चिठ्ठीचं तांत्रिक नाव; बीपीडीयू गार्ड संगणकाच्या पोर्टावर स्विचची चिठ्ठी दिसताच ते पोर्ट बंद करतो. रूट गार्ड परक्या स्विचला मूळ होऊ देत नाही. आणि लूप गार्ड, ज्याचं काम एवढंच की चिठ्ठ्या अचानक थांबल्या तर पोर्ट उघडू द्यायचं नाही. शांततेला परवानगी न मानणारा हा राखणदार मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच चालू केलेला नसतो.

पण झाडाच्या रीतीत एक उधळपट्टी अटळ आहे. वरच्या ४५ केबलींपैकी झाडात ९ राहतात, ३६ पैसे देऊन मिटवलेल्या असतात. मोठ्या डेटा सेंटरांना हे परवडेना. तिथून वेगवेगळे पंथ निघाले. एका पंथानं वेषांतर केलं. दोन केबली एकच आहेत असं भासवलं, दोन स्विच मिळून एक आहेत असं शेजाऱ्याला पटवलं, म्हणजे वर्तुळ दिसतच नाही. दुसऱ्यानं राउटिंगचा हिशेबीपणा खालच्या थरात आणला. पर्लमन यांनीच २००४ मध्ये त्याची दिशा दाखवली आणि २०११ मध्ये ट्रिल हे मानक आलं. त्यात सहा बिटांचा टप्प्यांचा आकडा फ्रेमभोवती गुंडाळला जातो. इथरनेटच्या फ्रेमला अखेर वय मिळालं. पुढच्याच वर्षी आयईईईचं शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग आलं. दोन मानकं एकाच प्रश्नावर समोरासमोर उभी राहिली आणि बाजार मात्र तिसऱ्याच वाटेनं गेला. बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेली रचना घ्यायची, तिच्यात प्रत्येक जोडणी राउटरची करायची, आणि वर इथरनेटचा आभास हवाच असेल तर तो व्हीएक्सलॅनच्या बोगद्यातून द्यायचा. इथरनेटची फ्रेम राउटरच्या पॅकेटात गुंडाळून नेणाऱ्या या व्हीएक्सलॅनचं वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. इथं सगळ्या वाटा एकाच वेळी वाहतात आणि काहीही मिटवावं लागत नाही. पर्लमन सुरुवातीपासून जे म्हणत होत्या, की हे काम वरच्या थराचं आहे, तिथंच गाडी येऊन थांबली.

कारखाने आणि वीज उपकेंद्रांचं जग याहून निराळं. तिथं केबल कन्व्हेअरच्या बाजूनं धावते आणि वर्तुळच सोयीचं पडतं. मग वर्तुळ हेच गृहीत धरून त्यातली एक जोडणी राखीव म्हणून मिटवायची आणि बिघाड होताच ५० मिलिसेकंदांच्या आत उघडायची, असं मानक आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २००८ मध्ये दिलं. उपकेंद्रातल्या संरक्षक रिलेंना तेवढाही उशीर चालत नाही. तिथल्या एका रीतीत प्रत्येक फ्रेम वर्तुळाच्या दोन्ही बाजूंनी पाठवतात. आधी पोचेल ती घ्यायची, मागून येणारी टाकून द्यायची. एक बाजू तुटली तरी घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फ्रेमवर अनुक्रमांक असल्यानं 'ही मघाशीच येऊन गेली' हे इथं ओळखता येतं. सुरुवातीला सांगितलेली उणीव एवढ्या साध्या गोष्टीनं भरून निघते.

एवढं सगळं झालं तरी हा विषय आज सामान्य जागी अधिक तातडीचा आहे. डेटा सेंटरमध्ये जाणकार असतात. पण गेल्या काही वर्षांत शाळा, दवाखाने, सोसायट्या, पतपेढ्या, मंगल कार्यालयं इथं कॅमेऱ्यांसाठी, फोनसाठी, हजेरीच्या यंत्रासाठी स्विच लागले आहेत, आणि ते बहुतेक स्वस्त, समोर दिसेल त्या पोर्टात केबल घेणारे. टेबलावरच्या आयपी फोनला मागं दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडं जायला आणि एक संगणकासाठी. फोन हलवताना दोन्ही टोकं भिंतीत खोचली की लूप तयार. स्वस्त स्विच स्वतः चिठ्ठ्या लिहीत नाही. काही स्विच दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या पुढं जाऊ देतात, त्यामुळे वरचा शहाणा स्विच आपलीच चिठ्ठी परत आलेली पाहून सावध होतो. काही त्या गिळतात, आणि मग वरच्याला काहीच कळत नाही. हे सांभाळणारी मुलं-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली असतात. परीक्षेसाठी त्यांनी ब्लॉकिंग, लिसनिंग, लर्निंग, फॉरवर्डिंग हा क्रम पाठ केलेला असतो. लर्निंगमध्ये स्विच काय शिकतो, असं मी मुलाखतींत विचारतो तेव्हा उत्तर क्वचित मिळतं. त्यांची बुद्धी कमी नाही. गच्चीवर केबल ओढताना ती एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

लेखिका माझी जुनी विद्यार्थिनी. अकरा वर्षं तिनं रॅकसमोर उभं राहून काम केलं आहे आणि ते पानोपानी दिसतं. स्विच, पोर्ट, फ्रेम हे शब्द तिनं तसेच ठेवले, त्यांना संस्कृत वेष चढवला नाही. विचार मात्र मराठीत केला आहे. तिनं उपायांची यादी दिलेली नाही. प्रत्येक उपाय कोणत्या भीतीतून आला हे ती आधी उभं करते आणि मगच उपायाकडं वळते. वाचक स्वतःच्या जागी कोणता पंथ योग्य हे ठरवू शकेल, इतकीच तिची महत्त्वाकांक्षा आहे आणि ती पुरी झाली आहे असं मला वाटतं. एका ठिकाणी आमचं पटत नाही. छोट्या जागी राखीव वाट ठेवूच नये, एक केबल आणि एक सुटा स्विच कपाटात ठेवावा, असं ती सुचवते. दवाखान्याच्या बाबतीत मला हे मान्य नाही. रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली कुणाकडं असते?

शेवटच्या भागात तिनं प्रयोग दिले आहेत आणि वाचकानं ते करावेत असा माझा आग्रह आहे. पहिल्या प्रयोगाला दोन जुने मॅनेज्ड, म्हणजे ज्यांची मांडणी बदलता येते असे, स्विच आणि दोन केबली पुरतात. दोन्ही केबली लावा. थोड्या वेळानं एका पोर्टाचा दिवा बहुधा केशरी राहील, ती मिटलेली वाट. आता चालू वाटेची केबल उपसा आणि केशरी दिवा हिरवा होईपर्यंत मोठ्यानं मोजा. जुन्या रीतीत तिसापर्यंत मोजावं लागतं. मग दोन्ही स्विचांवर वेगवान रीत चालू करा, केबल परत लावा, दिवे स्थिर होऊ द्या आणि पुन्हा उपसा. या वेळी एक म्हणायलाही तोंड पुरतं उघडलेलं नसतं.